मज्जारज्जूची इजा, वेदना आणि टेन्स मशीन: घरी वापरायचं तर कसं

मणक्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरात आज ना उद्या टेन्सचं मशीन येतंच, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देऊन वेदना कमी करणारं छोटं यंत्र. फिजिओकडे ‘करंटचा शेक’ घेऊन बरं वाटलेलं असतं, पुण्यात हडपसरहून किंवा सिंहगड रोडवरून रोज रिक्षात चढउतार करणं झेपत नाही, मग कोणीतरी ऑनलाइन मागवतं. मशीन उपयोगाचं आहे. त्याने गुंगी येत नाही, पोट बिघडत नाही आणि नको वाटलं तर बंद करता येतं. अडचण सोबतच्या माहितीपुस्तिकेची आहे. ती अंगभर जाणीव शाबूत असलेल्या माणसासाठी लिहिलेली असते आणि तिच्यातली मुख्य सूचना असते, ‘सहन होईल इतका करंट वाढवा.’ जिथे जाणीवच नाही तिथे कितीही करंट सहन होतो.

म्हणून पहिला नियम: वेदना कमी करण्यासाठी पॅड फक्त जाणीव शाबूत असलेल्या कातडीवर लावायचे. सुन्न भागावर वेदनेसाठी टेन्स लावून फायदा जवळजवळ नाही आणि धोका मात्र आहे. पुढचं बरंचसं या एका नियमातून निघतं.

दुखणं कोणत्या जातीचं आहे

मज्जारज्जूच्या इजेनंतर दुखतं ते सगळं एकाच प्रकारचं नसतं. मशीनचा उपयोग होईल की नाही, हे दुखण्याच्या प्रकारावर ठरतं.

पहिला प्रकार स्नायू आणि सांध्यांचा. व्हीलचेअर ढकलून, हातांवर अंग उचलून पलंगावरून खुर्चीत जाऊन खांदे, मनगटं आणि मान दुखू लागते. हे दुखणं हालचालीने वाढतं, विश्रांतीने कमी होतं आणि बोटाने दाबून दाखवता येतं. टेन्ससाठी ही सर्वांत चांगली जागा, कारण कातडी शाबूत असते आणि नसांचा रस्ताही शाबूत असतो.

दुसरा प्रकार इजेच्या पातळीवरच्या नसांचा. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, जळजळ होते, शर्ट घासला तरी झोंबतं. इथे टेन्सने कधी आराम मिळतो, कधी नाही. पॅड नेमके कुठे लावले यावर बरंच अवलंबून असतं.

तिसरा प्रकार इजेखालचा. पायांना स्पर्श कळत नाही, पण पाय भाजल्यासारखे, विजेचे झटके बसल्यासारखे दुखतात. ही वेदना खरी असते. ‘जाणीव नाही तर दुखतं कसं’ असं घरच्यांनी कधीही म्हणू नये. मात्र इजा पूर्ण असेल, म्हणजे खाली जाणीव किंवा हालचाल काहीच उरली नसेल, तर पायावरच्या टेन्सचा या वेदनेवर सहसा उपयोग होत नाही. इथे आधार औषधांचा: प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलिन यांपैकी काय आणि किती, ते डॉक्टर ठरवतात. मशीन आणलं म्हणून ही औषधं परस्पर बंद करू नका. ती हळूहळूच कमी करायची असतात.

आणखी एक. बरेच दिवस शांत असलेलं दुखणं अचानक वाढलं, झटके वाढले, घाम येऊ लागला, तर मशीन बाजूला ठेवा आणि कारण शोधा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, आत वळलेलं नख, नवा बेडसोर, न कळलेलं फ्रॅक्चर, मज्जारज्जूत साचलेलं पाणी, असं काहीही असू शकतं. टेन्सने वेदना दबते, कारण तसंच राहतं.

करंटने वेदना कमी का होते

कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. स्पर्शाचे संदेश जाड नसांतून येतात, वेदनेचे बारीक नसांतून. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतात आणि स्पर्शाचा ओघ जोरात असेल तर वेदनेचा संदेश तिथेच अडवला जातो. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेने नसा उत्तेजित करून वेदना तात्पुरती कमी होते हे दाखवलं. टेन्सची सुरुवात तिथून झाली.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. मुंग्या जाणवल्या पाहिजेत आणि त्या जोरदार पाहिजेत. अगदी हलका करंट ठेवून ‘मशीनचा काही फरक नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी मशीन खऱ्या अर्थाने वापरलेलंच नसतं. दुसरी गोष्ट, आराम मुख्यतः मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मिळतो. त्यामुळे दुखणं ज्या कामाने वाढतं त्या कामाच्या आसपास मशीन लावायचं. रात्री झोपताना सवय म्हणून लावण्यात काही हशील नाही.

आधी जाणिवेचा नकाशा काढा

पॅड लावण्याआधीचं हे सर्वांत महत्त्वाचं काम. फिजिओ किंवा डॉक्टरांनी एकदा नीट तपासून द्यावं हे उत्तम. ससून रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा नेहमीच्या फिजिओकडे जाल तेव्हा स्पष्ट सांगा, ‘जाणीव कुठपर्यंत शाबूत आहे ते मार्करने अंगावर काढून द्या.’ मग त्याचा फोटो काढून ठेवा. इजेची पातळी आणि एआयएस श्रेणी (इजा किती पूर्ण आहे हे सांगणारी), ए ते ई यांपैकी कोणती, हेही लिहून घ्या. ए म्हणजे पूर्ण इजा.

घरी दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचं असेल तर कापसाची बारीक वात आणि टूथपिक पुरे. रुग्णाने डोळे मिटावेत. आधी गालावर स्पर्श करून ‘हा नॉर्मल’ असं ठरवून घ्या. मग मानेपासून खाली येत कापूस लावा आणि गालासारखंच कळतं, कमी कळतं की कळतच नाही, ते विचारा. त्यानंतर टूथपिकचं टोक आणि बोथट बाजू आलटून पालटून, ठरावीक क्रम न ठेवता, प्रत्येक जागी १० वेळा लावा. टोचतं की बोथट आहे हे १० पैकी किमान ८ वेळा बरोबर सांगता आलं, तरच तिथे फरक कळतो असं धरतात. मज्जारज्जूच्या पातळ्यांना अक्षर आणि आकडा असतो, सी म्हणजे मानेची, टी म्हणजे छाती-पाठीची. खुणेसाठी लक्षात ठेवा: स्तनाग्रांची रेषा म्हणजे टी४, बेंबी म्हणजे टी१०, अंगठा म्हणजे सी६.

गालासारखं कळतं आणि टोचणंही ओळखता येतं तो भाग हिरवा. कमी कळतं किंवा फक्त दाब कळतो तो पिवळा. काहीच कळत नाही तो लाल. घरी टेन्स फक्त हिरव्या भागात. पिवळ्या भागात लावायचं तर पहिल्या काही बैठका फिजिओसमोर व्हाव्यात. लाल भागात वेदनेसाठी लावूच नये.

कोणी लावू नये आणि कुठे लावू नये

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र असेल तर लावू नका. पायाच्या शिरेत गाठ असेल किंवा तशी शंका असेल तर त्या पायावर नाही. इजेनंतरच्या पहिल्या महिन्यांत ही शक्यता जास्त असते: एकच पाय सुजला आणि गरम लागला तर आधी डॉक्टर. गरोदरपणात पोट आणि कंबर टाळा. कर्करोगाच्या जागेवर, उघड्या जखमेवर, बेडसोरवर, संसर्ग झालेल्या कातडीवर नाही. गळ्यावर पुढच्या बाजूला कधीच नाही, तिथे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसा आहेत. एक पॅड छातीवर आणि दुसरा पाठीवर अशी जोडी लावू नका, करंट छातीतून आरपार जातो. फिट येत असतील तर मान आणि डोकं सोडा.

पाठीत रॉड आणि स्क्रू बसवलेले असतात, त्यांचं काय, हे हमखास विचारलं जातं. टेन्ससाठी धातूचं इम्प्लांट ही सरसकट मनाई नाही. शॉर्टवेव्ह डायथर्मीत, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी आतून दिलेल्या शेकात, मात्र धातू तापतो, ती अशा रुग्णाला देऊ नयेच. फिजिओकडे ‘शेक’ म्हणून नेमकं काय देतात ते प्रत्येक वेळी विचारा. शेक हा शब्द टेन्स, आयएफटी, डायथर्मी आणि गरम पॅक या सगळ्यांसाठी वापरला जातो. आयएफटीत (दोन करंट शरीरात एकमेकांत मिसळवण्याची पद्धत) व्हॅक्यूमचे कप लावतात, ते सुन्न कातडीवर रक्त साखळवतात. डीसी म्हणजे गॅल्व्हॅनिक करंट सुन्न भागावर कधीच घेऊ नका. त्याने पॅडखाली आम्ल आणि अल्कली तयार होऊन कातडी रासायनिकरीत्या भाजते आणि रुग्णाला पत्ता लागत नाही.

मशीन निवडताना

दोन चॅनेल, चार तारा. फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये, पल्सची रुंदी मायक्रोसेकंदात आणि करंट मिलिअँपिअरमध्ये स्वतंत्रपणे ठरवता आणि वाचता आला पाहिजे. वीस-पंचवीस प्रोग्राम असलेल्या पण आकडा न दाखवणाऱ्या मशीनपेक्षा तीन साधी बटणं असलेलं मशीन चांगलं. फुलपाखराच्या आकाराचे, एकाच बटणाचे छोटे मसाजर या कामाला घेऊच नका. त्यांत काय चाललंय हे कळत नाही, आणि जे मोजता येत नाही ते अशा कातडीवर लावायचं नाही. टायमर हवा आणि बटण चुकून फिरू नये म्हणून झाकण किंवा लॉक हवं. पॅड सुटला की करंट आपोआप शून्यावर आणणारं मशीन मिळालं तर तेच घ्या. लेबलवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा.

बॅटरीवरचंच मशीन घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा सोय होतेच, पण मुख्य कारण म्हणजे स्वस्त अॅडॅप्टरमधून घरातल्या विजेचा अंगाशी संबंध यायला नको. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जिंग चालू असताना अंगावर लावू नका.

पॅड चिकट जेलचे, किमान ५ × ५ सेंटीमीटरचे. आकाराला महत्त्व का, ते हिशेबाने बघा. ५ × ५ म्हणजे २५ चौरस सेंटीमीटर. ३० मिलिअँपिअर करंट असेल तर दर चौरस सेंटीमीटरला १.२ मिलिअँपिअर येतो. पॅड अर्धा सुटला तर तोच आकडा २.४ होतो, कारण बहुतेक चांगली मशीन करंट कायम राखतात: अडथळा वाढला की व्होल्टेज वाढवतात. वाळलेल्या जेलमध्ये तर दोन-चार ओलसर ठिपक्यांतूनच सगळा करंट जातो. जाणीव असलेला माणूस टोचलं म्हणून लगेच ओरडतो. सुन्न जागेवर डाग पडेपर्यंत कळत नाही.

क्लिनिकमध्ये काळ्या रबराचे पॅड, जेल आणि वेल्क्रोचा पट्टा असतो. तेही चालतात, पण जेल पॅडच्या कडेपर्यंत सारखं पसरलेलं हवं आणि पट्टा आवळलेला नको.

पहिली बैठक: खांदा

व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी खांदा म्हणजेच पाय. त्यामुळे उदाहरण खांद्याचंच घेऊ.

१. वेळ निवडा. शौच उरकलेलं आणि मूत्राशय रिकामं असावं. इजा टी६ किंवा त्याच्या वर असेल तर आधी रक्तदाब मोजून लिहून ठेवा.

२. कातडी साबण-पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. आपल्याकडे सकाळी मालिश झालेली असते. तिळाचं तेल किंवा महानारायण तेल राहिलं तर पॅड नीट चिकटत नाही. बाम लावलेल्या जागी पॅड लावला तर कातडी आणखी जळते. बाम लावल्या दिवशी ती जागा सोडा. केस दाट असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कापा, वस्तरा नको. वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून करंट एकवटतो.

३. मशीन बंद. तारेची पिन पॅडच्या शेपटीत, म्हणजे पॅडला जोडलेल्या छोट्या वायरीत, पूर्ण आत बसवा, धातू उघडा दिसता कामा नये. तार जोडल्यावरच पॅड अंगावर लावा.

४. एक पॅड खांद्याच्या पात्यावरच्या आडव्या हाडाच्या वरच्या मांसल भागावर. दुसरा दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, जिथे इंजेक्शन देतात तिथे. दोन पॅडमध्ये किमान एका पॅडइतकं अंतर. मधून बाहेर कडांकडे बोट फिरवून हवेचा फुगा काढा. डाव्या खांद्यालाही दोन्ही पॅड मागे आणि बाहेरच ठेवा, छातीवर नको.

५. साधा, सलग मोड. फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, पल्स १५० मायक्रोसेकंद, टायमर पहिल्या दिवशी २० मिनिटं. करंट शून्यावर असल्याची खात्री करून मशीन चालू करा.

६. रुग्णाच्या हातात जोर असेल तर करंट त्यानेच वाढवावा. पहिली मुंगी कळली तो आकडा लिहा. तिथून हळूहळू वर न्या. मुंग्या जोरदार हव्यात, पण टोचणाऱ्या नकोत आणि स्नायू आखडता कामा नये. दंड उडायला लागला तर थोडं मागे या.

७. पाच-दहा मिनिटांत मुंग्या फिक्या होतात, नस सरावते. तेव्हा करंट परत जोरदार वाटेल इतपत वाढवा. हे जमलं की अर्धं काम जमलं.

८. शेवटी करंट शून्यावर आणा, मशीन बंद करा, मगच पॅड काढा. एक कोपरा नखाने उचला, शेजारची कातडी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून धरा आणि पॅड कातडीला समांतर, मागे दुमडत ओढा. सरळ वर खेचलं की वरचा पापुद्रा निघतो. तार धरून ओढलं तर शेपटी तुटते.

९. काढल्यावर लगेच आणि पुन्हा अर्ध्या तासाने कातडी बघा. पॅडच्या आकाराची सारखी गुलाबी छटा अर्ध्या-पाऊण तासात जायला हवी. गडद वर्णावर लाली दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, बोटाने दाबून कडकपणा बघा आणि दुसऱ्या खांद्याशी ताडून पाहा. ठिपके, फोड, किंवा तासाभरानेही राहिलेला डाग दिसला तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत बंद.

दुसऱ्या दिवसापासून ३० ते ४५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा चालेल. तारा शर्टाच्या आतून घ्या, नाहीतर चाकात अडकतात. मशीनने आराम पडला म्हणून त्या वेळात जास्त वजन उचलू नका. त्या वेळात फिजिओने दिलेले खांद्याचे व्यायाम करा आणि पलंगावरून खुर्चीत जाताना ट्रान्सफर बोर्ड वापरा. दुखण्याचं मूळ तिथे आहे.

साध्या मोडने भागत नसेल तर २ ते ४ हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, स्नायू स्पष्ट उडेल इतका करंट, २० ते ३० मिनिटं, असाही प्रयोग होतो. याचा परिणाम थोडा उशिरा येतो आणि जास्त टिकू शकतो. तो शरीराच्या स्वतःच्या अफूसदृश रसायनांतून येतो, त्यामुळे ट्रॅमाडोल किंवा मॉर्फीन बरेच दिवस चालू असलेल्यांना कमी लागू पडतो. त्यांनी १०० हर्ट्झच ठेवावं.

पट्टा आवळल्यासारखं दुखत असेल तर

झोंबणाऱ्या कातडीवर पॅड लावू नका, वेदना वाढते. नकाशात हिरव्या भागाची खालची कड शोधा आणि तिच्यापेक्षा वरच्या बाजूला, हिरव्या भागात पॅड लावा. मणक्याच्या मधल्या हाडांपासून दोन्ही बाजूंना ३-४ सेंटीमीटरवर एकेक पॅड, शस्त्रक्रियेचा व्रण सोडून. व्रणाच्या आसपास बरेचदा सुन्न पट्टा असतो, तो कापसाने वेगळा तपासा. दोन्ही पॅड पाठीवरच राहू द्या. पाठीवर पॅड असताना खुर्चीच्या पाठीला रेलून बसू नका आणि एअर बेडवर उताणे झोपू नका. पॅड, पिन आणि वजन मिळून दाबाचा व्रण होतो. कुशीवर झोपून किंवा पुढे टेबलावर टेकून बैठक घ्या.

टी६ आणि त्यावरची इजा: रक्तदाबाचा धोका

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. इजा टी६ किंवा वर असेल तर इजेखाली काहीही त्रासदायक घडलं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं, आणि मेंदूचा ‘पुरे’ हा संदेश खाली पोचत नाही. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. सर्वांत जास्त वेळा कारण भरलेलं मूत्राशय असतं, त्याखालोखाल बद्धकोष्ठता, पण इजेखाली दिलेला जोरदार करंटही तेच करू शकतो.

अशा माणसाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असतो. तो २० ते ४० ने वाढला तरी धोक्याची खूण आहे. म्हणजे १३५ हा आकडा इतरांना बरा वाटेल, याला नाही. सोबत डोकं ठणकतं, चेहरा आणि मान लाल होते, इजेच्या पातळीच्या वरच्या अंगाला घाम येतो, नाक चोंदतं, अंगावर काटा येतो, नाडी मंदावते.

करायचं काय: मशीन बंद, पॅड काढा. रुग्णाला ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. आडवं करू नका. पोटाचा पट्टा, बेल्ट, बूट सैल करा. कॅथेटरची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का, ते बघा. कॅथेटर नसेल तर मूत्राशय रिकामं करा. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब घ्या. वरचा आकडा १५० किंवा जास्त असेल, किंवा कारण सापडून काढल्यावरही उतरत नसेल तर १०८ ला फोन करा. ‘टी६ च्या वरची मज्जारज्जूची इजा, नेहमीचा रक्तदाब इतका, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची शंका’ असा कागद आधीच लिहून पाकिटात ठेवा. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला ही स्थिती रोज दिसत नाही, कागदाने दहा मिनिटं वाचतात.

मशीन, तारा आणि पॅड यांच्या कटकटी

मुंग्याच येत नाहीत: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा तार आतून तुटलेली असते. तार मशीनमधून आणि पॅडमधून काढून मल्टिमीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे तार आतून अखंड आहे का, ते बघा. मीटरची बीप होत असताना पिनजवळ तार हलवा. बीप तुटली तर तार फेका. चिकटपट्टीची दुरुस्ती इथे नको, हलती तार अचानक झटका देते. तपासणी नेहमी करंट शून्यावर असताना. चालू मशीनमध्ये पॅड दाबून ‘लागतंय का’ बघितलं की करंट एकदम बसतो.

टोचतंय, एकाच कडेला चावतंय: जेल वाळलं आहे किंवा पॅड सुटला आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत पॅड लवकर वाळतात. वापरून झालं की जेलवर पाण्याचे दोन थेंब बोटाने पसरा, पॅड प्लॅस्टिकच्या पत्र्यावर लावा, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पावसाळ्यात उलट होतं. कातडी दमट असते, पॅड घसरतात, तेव्हा पंख्याखाली अंग नीट वाळवून मगच लावा. पॅडवर पहिल्या वापराची तारीख पेनने लिहा. वीसेक वापरांनंतर, किंवा चिकटपणा कमी झाला की त्याआधीच, नवीन घ्या. पॅडमध्ये काटकसर करू नका आणि एकाचे पॅड दुसऱ्याला लावू नका.

आधी आराम पडायचा, आता पडत नाही: रोज तेच आणि तसंच दिलं की शरीर सरावतं. फ्रिक्वेन्सी आपोआप बदलत राहणारा मोड वापरा, पॅड दोन बोटं सरकवा, आणि करंट खरोखर जोरदार आहे का ते बघा.

स्नायू आखडवणारा करंट हा वेगळा विषय

पायाचे स्नायू राखण्यासाठी दिला जाणारा करंट, एनएमईएस किंवा एफईएस, सुन्न भागावरच दिला जातो. त्यामुळे तो फिजिओने सुरू करून द्यायचा. मांडीसाठी साधारण ५ × ९ सेंटीमीटरचे पॅड, ३५ हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंद, ५ सेकंद चालू आणि १५ सेकंद बंद, सुरुवातीला १० मिनिटं. इथे करंट जाणिवेवर ठरत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या आकुंचनावर ठरतो.

दोन सापळे सांगायलाच हवेत. इजेला वर्ष उलटलं की पायाची हाडं ठिसूळ झालेली असतात, गुडघ्याच्या वर आणि खाली फ्रॅक्चर सहज होतं. आधी हाडांची तपासणी, आणि पाय घट्ट बांधून जोराचं आकुंचन कधीच नाही. दुसरं, इजा मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाला किंवा खालच्या नसांच्या झुपक्यात असेल तर स्नायूंपर्यंत जाणारी नसच मेलेली असू शकते. असा पाय लुळा असतो, त्यात झटके येत नाहीत. तिथे नेहमीच्या करंटने स्नायू हलतच नाही. मग घरचे करंट वाढवत जातात आणि कातडी भाजते. हललं नाही तर थांबा.

मणक्यावरून कातडीतून दिला जाणारा करंट

हाताची गेलेली ताकद परत आणण्यासाठी मणक्यावर पॅड लावून करंट देण्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यात तथ्य आहे. मानेच्या इजेच्या ६० लोकांवरचा अप-लिफ्ट नावाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. दोन महिने फक्त व्यायाम आणि त्यानंतर दोन महिने व्यायामासोबत करंट, अशी त्याची रचना होती. ७२ टक्के लोकांत हाताची ताकद आणि काम या दोन्हींत सुधारणा दिसली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएने, त्या उपकरणाला मान्यता दिली.

पण तो करंट टेन्सचा नव्हे. अशा उपकरणांत साधारण १ मिलिसेकंदाची लांब पल्स असते आणि तिच्या आत १० किलोहर्ट्झची जलद लहर (वाहक लहर) असते. करंट चालू असताना हाताचे व्यायाम तासन्‌तास करून घेतले जातात, त्या कष्टांशिवाय फायदा नाही. साधं टेन्स मानेच्या मणक्यावर लावून हे होत नाही, आणि मानेची इजा म्हणजे डिसरिफ्लेक्सियाचा धोका आहेच. ‘बंद पडलेल्या नसा चालू करतो’ म्हणून कोणी पॅकेज विकत असेल तर तीन प्रश्न विचारा: उपकरणाचं नाव काय, पल्स किती लांब आणि वाहक लहर किती, आणि सुरुवातीला व शेवटी हाताची ताकद मोजून लेखी देणार का. यांतल्या एकाचंही उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.

तीन आठवड्यांची वही

मशीन उपयोगाचं आहे की नाही हे आठवणीवर ठरवू नका. प्रत्येक बैठकीला एक ओळ लिहा: तारीख, जागा, हर्ट्झ, मायक्रोसेकंद, करंट, वेदना ० ते १० मध्ये आधी, चालू असताना आणि एक तासानंतर, कातडी कशी, टी६ च्या वर असेल तर रक्तदाब. शेवटी एक काम लिहा, म्हणजे आज पलंगावरून खुर्चीत किती वेळा स्वतः गेलात, रात्री किती वेळा जाग आली. वेदना २ अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी उतरली तर फरक खरा मानतात. आकडा तेवढा उतरला नाही पण कामं वाढली, तरी मशीन ठेवा.

तीन आठवडे जोरदार करंट देऊन, दोन जागा आणि दोन्ही मोड वापरूनही ओळी तशाच राहिल्या तर टेन्स थांबवा. ती वही आणि नकाशाचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषधाचं प्रमाण, खुर्चीची बैठक व खांद्याची सोनोग्राफी या तीन गोष्टींवर त्याच भेटीत बोलून घ्या.